पाव फेरा

पारसिक हिलच्या उतारावर
मागचा ब्रेक दाबला
तर लिव्हर थेट हँडलला टेकली,
चहात भिजलेल्या पावात बोट रुतावं तशी.
पुढच्यावर निभावलं.
बेलापूरपर्यंत आले
एक पाय जमिनीच्या जवळ ठेवून.

वाशीत, औषधांच्या दुकानात
दहा एमएलच्या दोन सिरिंजा मागितल्या.
"पेशंट कोण?" मोटवानीने विचारलं.
"सायकल."
बिल फाडताना तो माझ्याकडे नाही,
शेजारच्या गिऱ्हाइकाकडे बघत होता.

रविवारी दुपारी सायकल गॅलरीच्या ग्रिलला टांगली.
मागचं चाक काढलं,
ब्रेकचे पॅड काढून बशीत, बशी लांब, कपाटावर.
तेलाचा एक थेंब लागला की मेले ते.
पिस्टनांच्या मध्ये पिवळा ठोकळा,
लिव्हर जमिनीला समांतर,
तिच्या डोक्यावर इवलंसं नरसाळं
आणि नरसाळ्यात तेल,
खोकल्याच्या औषधासारखं गुलाबी.

खाली अंथरायला पेपर हवा होता.
रद्दी कालच गेली.
फ्रिजवर चुंबकाखाली होती ती झेरॉक्स घेतली,
बिल्डिंग पाडून नवी बांधायच्या संमतीपत्राची.
सिडकोची खोली, दोघांच्या नावावर.
श्रीरंगची सही मंगळवारची,
माझ्या नावापुढे रेघ, मोकळी.

मंगळवारपासून आमच्यात
चहा, किल्ली, गॅस बंद केलाय,
एवढेच शब्द शिल्लक.
पण हे काम एकटीचं नाही.
एक जण वर लिव्हरपाशी लागतो,
एक खाली, स्क्रूपाशी.
"जरा ये," म्हटलं.
बनियनला चष्मा पुसत आला.

"दाब."
दाबली.
"धर."
सात नंबरचा पाना, पाव फेरा.
नळीत तेल उतरलं, मागोमाग बुडबुडे,
मोहरीएवढे, मग खसखशीएवढे.
पाव फेरा परत. बंद.
"सोड."

तिसऱ्या वेळी त्याने आधीच सोडली.
बाहेर काढलेली सगळी हवा
नळीने परत आत ओढून घेतली.
"मी म्हणेपर्यंत सोडायची नाही."
"मला वाटलं झालं."
"तुला वाटतं."

मग बराच वेळ नुसतं
दाब, धर, सोड.
खालच्या मजल्यावर कुणाचा तरी मिक्सर.

तेल दबत नाही.
हवा दबते.
नळीत कुठेतरी दबून घेणारं काही असलं
की हातातला जोर दुसऱ्या टोकाला पोचतच नाही,
वाटेतच जिरतो.
सव्वीस वर्षं मी म्हणत आले, असू दे.
असू दे, काय मोठंसं.

स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने नळीवर टकटक केली.
वळणाशी चिकटून बसलेला एक बुडबुडा
सुटला, आणि सुटताना
एक थेंब खाली पडला, नेमका कागदावर.
कागद पारदर्शक होत गेला,
सहीतला वेलांटीचा फराटा
खालच्या लादीवर असल्यासारखा दिसायला लागला.
त्याने ते पाहिलं.
त्याने पाहिलेलं मी पाहिलं.

"अजून आहे का?"
"आहे. थोडी."
तो वाकला, हात लिव्हरवर ठेवला,
आणि थांबला.
"दाबू?"

मंगळवारपासूनचा
हा पहिला प्रश्न, ज्याला प्रश्नचिन्ह होतं.
मी पाना हातात धरून
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ घेतला.
"दाब," म्हणाले.

लिव्हर घट्ट झाली,
दोन बोटं आत जाऊन दगडासारखी अडली.
तरी कोथिंबिरीच्या जुडीचं रबर लावून
ती रात्रभर दाबून बांधून ठेवली.
उरलीसुरली हवा सकाळपर्यंत
आपणहून वर येते म्हणतात.
येईलच असं नाही.

पॅडची बशी मी आत नेली.
बाहेर आले तर श्रीरंगने
ती झेरॉक्स दोरीवर, माझ्या मोज्यांच्या शेजारी
चिमटा लावून वाळत घातली होती.

हे तेल वाळत नाही.
हे मी त्याला सांगितलं नाही.